कमानताईंची वीतभर नजर

माणसाला भुवया कशासाठी दिल्या आहेत, असं विचारलं तर शिकलेले लोक सांगतात की कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून. कमानताईंना हे साफ नामंजूर होतं. "घामाला रुमाल आहे की," त्या म्हणायच्या. "भुवया आहेत त्या माणूस ओळखू यावा म्हणून. नाक-डोळे काय, सगळ्यांनाच असतात."

भुवयाही सगळ्यांनाच असतात, हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती. कारण सांगणारी बहुतेक वेळा त्यांच्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, एका हाताने पापणी खाली आणि दुसऱ्या हाताने कपाळ वर ताणून बसलेली असायची. अशा अवस्थेत वाद जिंकलेलं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

इमारतीच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली म्हणजे ताईंचं पार्लर. आत दोन खुर्च्या. एक साधी, वाट बघायची. दुसरी मागे कलणारी. तिचा खटका बिघडलेला असल्यामुळे ती कलायची नाही, कोसळायची. नवीन बाई किंचाळायची, जुनी बाई फक्त पर्स घट्ट धरायची. या खुर्चीमागे उभं राहून ताईंनी सव्वीस वर्षं भुवया कोरल्या होत्या, आणि त्यांनी कोरलेली भुवई इतकी डौलदार असायची की मूळ नाव मागे पडून त्यांना सगळे कमानताईच म्हणू लागले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांवर, मध्ये पीळ. मान जराशी मागे झाली की पीळ भुवईवरून सर्रकन सरकायचा आणि नको असलेला केस मुळासकट बाहेर. दोन्ही भुवया मिळून तीन मिनिटं. घड्याळ लावून बघा म्हणायच्या, आणि काही जणींनी खरंच लावून बघितलं होतं.

दातात दोरा असल्यामुळे ताईंना बोलता यायचं नाही. त्या फक्त "हं" म्हणायच्या. पण त्या "हं"चे सात प्रकार होते. सासूबद्दलचा हं वेगळा, ऑफिसातल्या साहेबाबद्दलचा वेगळा, आणि नवऱ्याबद्दलचा तर इतका लांब की तेवढ्यात एक भुवई पुरी व्हायची. मधे न बोलणारं माणूस जगात मिळतंय कुठे? बायका भुवया वाढल्या नसल्या तरी यायच्या.

या ताईंना सत्तेचाळिसाव्या वर्षी जवळचं दिसेनासं झालं.

चाळिशी सगळ्यांनाच गाठते. ताईंनी मात्र आपण बेचाळीसच्या आहोत असं गेली पाच वर्षं सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना वाटलं की डोळ्यांनाही तेच सांगितलेलं आहे. आधी मोबाइल लांब गेला. मग औषधाच्या बाटलीवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली. त्यात घरात सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढताना त्यांनी वाचताही येईल अशी भिंगं बसवून घेतली होती, आणि तेव्हापासून त्यांना चष्म्याशिवाय सगळं दिसायला लागलं होतं. घरातली धूळ दिसायची, आणि धूळ दिसली की सून दिसायची.

"आण ती बाटली इकडे," सासूबाई म्हणायच्या. "म्हातारी असून मीच वाचून दाखवते. उलटंच चाललंय या घरात."

"दिव्याचा उजेड कमी आहे, आई."

"दिवा तोच आहे. मला दिसतंय की त्याच्यात."

चष्मा लावायचा तर अडचण धंद्याची होती. ताईंचं तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकलेलं, उलटं. चष्मा नाकावरून घसरणार आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर बसणार, हे एकदा झालंही. दोरीने बांधून पाहिला, तर तोंडात दोरा असल्यामुळे सगळा श्वास नाकातून, आणि त्या वाफेने काचा धुरकट. भिंगाचा दिवा आणला, तर मान मागेपुढे करताना डोकं दिव्यावर टणकन. शेवटी ताईंनी कोणालाही न सांगता एक निर्णय घेतला. डोळ्यांना सुट्टी द्यायची आणि बोटांवर भागवायचं. सव्वीस वर्षांची बोटं होती ती. एक वर्ष त्यांनी ताईंची अब्रू राखली.

मग हेडबाई आल्या.

समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एकोणीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. तीन दिवसांनी निवृत्त होणार होत्या आणि शाळेच्या भिंतीवर लावायला फोटो काढायचा होता. तीन मिनिटांनी त्यांनी आरसा हातात घेतला. डाव्या भुवईच्या मधोमध, कुंपणात गाय घुसायला वाट असावी तशी मोकळी जागा झाली होती. उजवी भुवई कपाळाच्या दिशेने निघून गेली होती.

"ताई," हेडबाई शांतपणे म्हणाल्या, "ही भुवई प्रश्न विचारतेय आणि ही पळून चाललीय. एकोणीस वर्षं मी वर्गात हेच बघितलं. आता भिंतीवरून पण हेच बघायचं का?"

हेडबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिलीने भोक भरून घेतलं, "होतं असं" म्हणाल्या आणि गेल्या. ताईंनी शटर ओढलं. दिसत नाही तोवर कोणाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि दिसलंच नाही तर? त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर अडकलेल्या माणसांना बंद दारातून "घाबरू नका, काही होत नाही" सांगायची सवय. घरीही तो तेच सांगायचा.

"काही होत नाही गं," तो म्हणाला. "हल्ली लेझरने करतात. आमच्या कामावरच्या एका बिल्डिंगमध्ये डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथली लिफ्ट मीच बघतो."

"लिफ्ट चांगली आहे म्हणून डोळे देऊ का तिथे?"

"अगं, लिफ्ट नाही चांगली. डॉक्टर चांगले आहेत. जिन्याने येतात बिचारे, पण कधी तक्रार नाही."

एवढ्या शिफारशीवर ताई गेल्या. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला गोड आणि भुवया अशा, की त्यांत एखादी चिमणी राहत असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. ताईंची बोटं आपोआप वळवळली.

डॉक्टरांनी समजावलं. डोळ्यातलं भिंग वयाने ताठर होतं, जवळचं बघायला वाकत नाही. लेझरने ते मऊ होत नाही. लेझर काम करतं ते डोळ्यावरच्या काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्यावर. त्याचा आकार थोडा बदलून एका डोळ्याला जवळचं काम द्यायचं, दुसऱ्याला लांबचं ठेवायचं. दोघांची वाटणी मेंदू करतो.

"दोन डोळ्यांत वाटणी?" ताई म्हणाल्या. "डॉक्टर, दोन सख्ख्या भावांत होत नाही ती."

"म्हणूनच आधी तालीम. पंधरा दिवस एका डोळ्यात साधी लेन्स घालून बघा. मेंदूने ऐकलं तर लेझर, नाहीतर नाही. आणि एक सांगून ठेवतो, वय काही थांबत नाही. पाच-सात वर्षांनी परत चष्मा लागू शकतो. अंधारात थोडं कमी दिसेल." मग त्यांनी एक छापील कार्ड दिलं. "हे तुम्हाला सोयीच्या अंतरावर धरा."

इथे ताईंनी एक चूक केली. गेली दोन वर्षं त्या मोबाइल, बाटली, पाकीट, सगळं हात ताठ करून बघत होत्या. त्यांनी कार्ड तसंच धरलं, हात ताठ करून. भुवया आपण कुठून बघतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही. कार्ड म्हणजे वाचायची गोष्ट, भुवई म्हणजे करायची गोष्ट. डॉक्टरांनी अंतर मोजलं, कागदावर लिहिलं आणि त्या मापाची लेन्स डोळ्यात घातली.

घरी आल्या त्या राणीसारख्या. मोबाइल वाचला. बाटली वाचली. साबणाच्या वेष्टणावरचा बारीक मजकूर सासूबाईंना मोठ्याने ऐकवला. सासूबाई "बरं बरं" म्हणाल्या, पण त्यांचं एक खातं हातातून गेल्याचं दुःख लपत नव्हतं.

मग ताईंनी नवऱ्याला खुर्चीत कोसळवलं, दोरा दातात धरला, वाकल्या, आणि खाली भुवईच्या जागी धुकं पसरलेलं.

"काय झालं?" नवऱ्याने डोळे मिटूनच विचारलं.

"तुमच्या डॉक्टरांनी फसवलं मला!"

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात तावातावाने शिरल्या. डॉक्टरांनी कागद काढून अंतर दाखवलं. ते त्यांनीच धरलेलं होतं. ताई म्हणाल्या की भुवया काय कोणी एवढ्या लांबून करतं? मग किती लांबून, असं डॉक्टरांनी विचारलं. ताईंना सांगता येईना. हाताने दाखवून बघितलं, दर वेळी वेगळं अंतर आलं. शेवटी त्यांनी पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं.

"झोपा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुम्हीच. कार्डाला भुवया नाहीत."

नर्सने दार लोटून घेतलं. डॉक्टर तपासायच्या खुर्चीत आडवे झाले. ताईंनी दोरा दातात धरला, पीळ दिला आणि वाकल्या. "आता मोजा," असं त्या दातांतून म्हणाल्या, ते "हं हं हं" असं ऐकू आलं, तरी नर्सला कळलं. तिने फूटपट्टी लावली. दातापासून भुवईपर्यंत बरोबर एक वीत. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. सव्वीस वर्षं डोळे नव्हे, दोराच अंतर ठरवत होता. दात, हात आणि कपाळ यांच्यात जेवढा दोरा मावेल, तेवढंच जवळ जायचं. मोजमाप झाल्यावरही ताई उठेनात. वाकल्याच होत्या तर त्यांनी अंदाजाने एक केस ओढला. डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

"ताई," ते डोळे पुसत म्हणाले, "बायका हे स्वतःहून करून घेतात?"

"दर पंधरा दिवसांनी."

डॉक्टरांनी आपल्या भुवईवरून हळूच बोट फिरवलं. त्यांचा स्त्रियांबद्दलचा आदर वाढला असावा. मग त्यांनी वीतभर अंतराची लेन्स घालून दिली. ताईंना तोंडाशी वाकलेल्या नर्सच्या नाकावरचा तीळ लख्ख दिसला, आणि पुढच्याच पावलाला दाराची चौकट त्यांच्या खांद्यावर आदळली. दोन डोळे दोन गावांना निघाले होते. डोकं गरगरायला लागलं.

"हेच होतं," डॉक्टर म्हणाले. "एवढा फरक तुमचा मेंदू सोसत नाही. मी तुमचा डोळा दीड वितेपर्यंत आणू शकतो. त्याच्या पुढे आणला तर तुम्ही भुवया कराल, पण जिना उतरताना पडाल."

"म्हणजे होणार नाही."

"दीड वितेचं होईल. मधली अर्धी वीत मला जमत नाही. ती तुम्हाला जमते का बघा."

ताई जिन्याने उतरल्या. दवाखान्याची लिफ्ट बंद होती. नवरा आत काम करत होता.

अर्धी वीत म्हणजे काय, तळहाताएवढी जागा. पण सव्वीस वर्षांची सवय तेवढ्यात मुरलेली. दोरा लांब घ्यायचा तर पीळ सैल पडतो. पीळ सैल पडला की केस उपटून येत नाही, तुटतो. नाहीतर एकाऐवजी चार येतात. मान जास्त मागे न्यावी लागते. हात वेगळ्या उंचीवर. ताई दीड वितेची लेन्स घालून रोज सकाळी खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि आधी स्वतःच्या पोटऱ्यांवर, मग नवऱ्यावर सराव करायच्या. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही. "काही होत नाही," म्हणायचा आणि पांढऱ्या पडलेल्या बोटांनी खुर्चीचे हात धरायचा.

दहा दिवसांत त्याच्या भुवया नाटकातल्या राजासारख्या झाल्या. तेवढ्यात एका इमारतीत लिफ्ट अडकली. त्याने दार उघडलं तर आतले आजोबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "अहो, अडकलो आम्ही. तुम्हाला कसलं एवढं आश्चर्य वाटतंय?"

हे त्याने घरी सांगितलं, हसवायला म्हणून. ताई हसल्या नाहीत. रीळ टेबलावर आपटून म्हणाल्या, "नाही जमत. बंद करते सगळं. त्या साड्यांच्या दुकानात घड्या घालायला बाई पाहिजे म्हणे."

नवऱ्याने रीळ सरळ करून ठेवलं. "काही होत नाही" म्हणण्याची ही वेळ नव्हे, एवढं त्याला लग्नाच्या तेवीस वर्षांत कळलं होतं.

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या आणि सरळ त्या कोसळणाऱ्या खुर्चीत बसल्या. खुर्चीने आपलं काम केलं. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "घे."

"आई, तुम्हीच म्हणाला होता ना, माझ्या भुवयांना हात लावशील तर याद राख. आठच केस उरलेत आणि आठही ओळखीचे आहेत."

"त्यातला एक वाह्यात आहे. डाव्या भुवईत, खालच्या अंगाला. डोळ्यात घुसतो. तेवढाच काढ. बाकीच्या सातांना धक्का लागला तर मात्र बघ."

नवऱ्याच्या भुवयांत चुकलं तर खपत होतं, तिथे जंगल होतं. इथे चुकायला जागाच नव्हती. ताईंनी दीड वीत दोरा घेतला. वाकल्या. इतक्या जवळून त्यांनी सासूबाईंचा चेहरा कधी पाहिला नव्हता. कातडी कागदासारखी पातळ, मिटलेल्या पापण्या किंचित थरथरत होत्या. म्हातारी घाबरली होती आणि तरी पडून होती. ताईंना तो केस दिसला. पांढरा, वाकडा, एकटा. मुळापर्यंत दिसला. त्यांनी मान मागे घेतली. पीळ सरकला.

सासूबाईंनी हाताने चाचपून एकेक केस मोजला. "सात," त्या म्हणाल्या. "आता उठव मला. ही खुर्ची तेवढी दुरुस्त करायला सांग तुझ्या नवऱ्याला. लोकांच्या लिफ्टा करत फिरतो."

त्यानंतर ताईंनी लेझर करून घेतलं. सगळं मिळून दहा मिनिटं. डोळ्यात थेंब, पापण्या उघड्या ठेवायला चिमटा, वर एक हिरवा ठिपका. "ठिपक्याकडे बघा," डॉक्टर म्हणाले. थोडा दाब आला, ठिपका विरघळला, पुन्हा आला. यंत्र टकटकलं आणि वास सुटला.

"डॉक्टर, केस जळतोय कुठेतरी."

"केस नाही ताई. वास तसाच येतो. हलू नका."

"मी नाही हलत. तुम्ही त्या दिवशी किती हलला होता."

नर्सला हसू आवरेना. डॉक्टरांनी तिला काम संपेपर्यंत बाहेर पाठवलं.

पुढचे दिवस ताईंचा डोळा चुरचुरायचा, रात्री दिव्यांभोवती कडी दिसायची, आणि दर काही तासांनी सासूबाई घड्याळ बघून थेंब घालायच्या. हे खातं त्यांनी कोणालाही दिलं नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. ताईंनी शटर वर केलं आणि दिवसभर खुर्ची पुसत बसल्या. कोणी आलं नाही. बंद पार्लरच्या बायका दुसरं पार्लर शोधतात, त्यांचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगी आली. अनोळखी. हातात फाइल, पायात नवे बूट, ते चावत असल्याचं चालण्यावरून कळत होतं.

"आयब्रो करायच्यात. बाराला इंटरव्ह्यू आहे माझा. पटकन होतील ना?"

"बस," ताई म्हणाल्या.

मुलगी बसली. खुर्ची या वेळी सावकाश कलली. मुलीने पापणी ताणून धरली, डोळे मिटले आणि लगेच बोलायला लागली. इंटरव्ह्यूला बसणारे लोक कसे असतील, मागच्या वेळी काय विचारलं होतं, तिला काय सुचलं नाही. ताईंनी दोरा मोजून दीड वीत घेतला. दातात धरला. या मुलीला काही माहीत नव्हतं. कोणीतरी बाई आपल्यावर वाकली आहे, एवढंच. चुकलं तर ही तसंच तोंड घेऊन अनोळखी लोकांपुढे जाऊन बसणार होती.

पहिला केस दिसला. तो आला. दुसरा दिसला. ताई सरळ उभ्या होत्या, पूर्वीसारख्या दुमडलेल्या नव्हत्या, आणि मान अर्धी वीत जास्त मागे जात होती. पंख्याचा वारा, रस्त्यावरचे हॉर्न, मुलीची बडबड, सगळं चालू होतं. ताई मधूनच "हं" म्हणत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ज्या ठिकाणी "अरेरे" असा हं हवा होता तिथे "वा वा" असा गेला. मुलीला पत्ता लागला नाही.

आठ मिनिटं लागली.

मुलीने आरसा घेतला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मुलगी म्हणाली, "हं, छान," आणि आरसा ठेवून फाइलमध्ये कागद शोधायला लागली. एवढंच. चांगल्या भुवईकडे कोणी दोनदा बघत नाही. बघावं लागलं की समजायचं, बिघडली आहे. आतल्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी लांबून दोन्ही कमानी न्याहाळल्या आणि काही न बोलता आत गेल्या. त्या घरात याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसे.

मुलगी दारापाशी वळली. "काकू, माझ्या बहिणीला पाठवू का उद्या? संध्याकाळी, क्लास सुटल्यावर येईल."

"संध्याकाळी नको," कमानताई म्हणाल्या. त्यांनी बोटांवरचा दोरा सोडवला. "सकाळी पाठव, उजेडात. आणि तिला सांग, घाईत येऊ नकोस म्हणावं. मला आता वेळ लागतो."